चित्र फिकं का दिसतं? मेनूच्या आधी खिडकी

प्रोजेक्टरला काळा रंग टाकता येत नाही. तो फक्त उजेड टाकतो आणि जिथे काळं दाखवायचं असेल तिथे उजेड अडवून धरतो. तेवढ्या जागी आपल्याला भिंत दिसते, आणि खोलीतल्या उजेडात ती जितकी उजळ असेल तितकाच चित्रातला काळा रंग उजळ. चित्र फिकं दिसतं, अक्षरं वाचता येत नाहीत, नकाशातले जिल्हे एकमेकांत मिसळतात, अशा बहुतेक तक्रारींचं मूळ या एका गोष्टीत असतं. तरीही तक्रार आली की हात जातो तो रिमोटकडे.

नंदुरबार जिल्ह्याच्या नवापूर तालुक्यात उधना–जळगाव रेल्वेमार्गावर खांडबारा आहे. या पट्ट्यातल्या जिल्हा परिषद शाळांत आणि आश्रमशाळांत येणाऱ्या अनेक मुलांची घरची बोली मावची किंवा भिली. पाठ्यपुस्तकातल्या मराठीशी त्यांची गाठ शाळेतच पडते. पहिली-दुसरीच्या अशा वर्गात चित्राला वाक्याआधी काम करावं लागतं. पळसाचं फूल केशरी दिसलं की पोरं नाव सांगून मोकळी होतात, मग मास्तर त्याला मराठी शब्द जोडतात. तेच फूल पडद्यावर लालभडक किंवा मातकट आलं, तर आधी फुलावरूनच वाद.

शाळांमध्ये ही यंत्रं मोठ्या संख्येनं आली ती गेल्या दशकात. ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याला जिल्हा परिषदेचे शिक्षक संदीप गुंड यांनी उभी केलेली डिजिटल शाळा राज्यभर गाजली. २२ जून २०१५ ला ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय निघाला आणि पुढच्या काही वर्षांत लोकवर्गणीतून गावोगाव वर्ग ‘डिजिटल’ झाले. यंत्र कुठलं घ्यायचं, पैसे कसे उभे करायचे, कोणतं सॉफ्टवेअर चालवायचं यावर भरपूर बोललं गेलं. चित्र कसं लावायचं हे मात्र बसवायला आलेल्या माणसावर सोडलं गेलं. त्यानं सुरू करून दाखवलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि ते चित्र कायमचं तसंच राहिलं.

उजेडाचा हिशेब अवघड नाही. प्रोजेक्टर एकूण किती उजेड फेकतो ते लुमेनमध्ये सांगतात. तो उजेड जितक्या चौरस मीटरवर पसरेल त्यानं भागलं की भिंतीवर पडणारा उजेड लक्समध्ये मिळतो. वर्गात सहसा दिसतो तसा ३००० लुमेनचा प्रोजेक्टर घेऊ. चित्र दोन मीटर रुंद, १६:९ प्रमाणाचं, म्हणजे साधारण सव्वादोन चौरस मीटर. भिंतीवर पडले १३०० च्या वर लक्स. दिवा जुना झालेला आणि रंग बरे दिसावेत म्हणून मोड बदललेला, म्हणून निम्मे धरू: ६७०. आता दार-खिडक्या उघड्या आहेत आणि बाहेरचा ३०० लक्स उजेड त्याच भिंतीवर येतोय. चित्रातला पांढरा झाला ९७०, काळा ३००. फरक जेमतेम तिप्पट. खिडक्या झाकून बाहेरचा उजेड ३० लक्सवर आणला, तर हाच फरक तेवीसपटीच्या आसपास जातो. यंत्र तेच, दिवा तोच.

याच्या शेजारी चित्रपटगृहाचा आकडा ठेवला तर गंमत कळते. डिजिटल सिनेमाच्या मानकानुसार पडद्यावरच्या पांढऱ्याची दीप्ती दर चौरस मीटरला ४८ कँडेला असावी लागते. साध्या पांढऱ्या पडद्यावर त्यासाठी सुमारे १५० लक्स पुरतात. म्हणजे आपल्या वर्गातल्या भिंतीवर थिएटरच्या चौपटीहून जास्त उजेड पडत असूनही चित्र मरगळलेलं, कारण थिएटरात अंधार विकत घेतलेला असतो. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ मध्ये हातानं रंगवलेल्या काचांचे खेळ सुरू केले, तेव्हा दिवे आजच्या मानानं अगदीच दुबळे होते. पण खेळ अंधारात व्हायचे, म्हणून काम भागायचं.

अर्थात खांडबाऱ्यात एप्रिलच्या दुपारी चाळीस पोरांना खिडक्या बंद करून बसवा, असं सांगणारा माणूस त्या वर्गात पाच मिनिटं बसला नसणार. नंदुरबारचा उन्हाळा चाळीस अंशांच्या पुढे सहज जातो. म्हणून सगळा वर्ग काळोखा करण्यापेक्षा भिंतीची निवड महत्त्वाची. खिडकीच्या अगदी समोरची भिंत सगळ्यात वाईट, तिच्यावर आकाशाचा उजेड थेट पडतो. खिडकीशी काटकोनात असलेली आणि खिडकीपासून जितकी लांब मिळेल तितकी लांबची भिंत बरी. पडद्याजवळची एक खिडकी गोणपाटानं किंवा जुन्या बॅनरनं झाकायची, बाकीच्या उघड्या ठेवायच्या. चित्राच्या दोन्ही बाजूंना आणि वर फूट-दीड फूट पुढे आलेल्या पुठ्ठ्याच्या झापडा लावल्या तर तिरका उजेड बराच अडतो. फळ्यावरची ट्यूब बंद, मागची चालू. या सगळ्याला खर्च जवळपास शून्य, आणि मेनूतल्या कुठल्याही बटणापेक्षा परिणाम जास्त.

भिंतीचाही विचार हवा. शाळांच्या भिंती गुलाबी, फिकट पिवळ्या, पोपटी असतात, कधी त्यावर सुविचार रंगवलेले असतात. पुष्कळ प्रोजेक्टरांच्या मेनूत भिंतीचा रंग सांगायची सोय असते. काहींत हिरव्या किंवा काळ्या फळ्यासाठी वेगळा मोडही असतो. त्यानं रंग सावरतात, पण भिंतीनं खाल्लेला उजेड परत मिळत नाही. त्यापेक्षा चित्राएवढा आयत मॅट पांढऱ्या रंगानं रंगवून घ्यावा आणि भोवती तीन-चार बोटं रुंद काळी पट्टी काढावी. पट्टीमुळे कडेला सांडलेला उजेड गिळला जातो आणि चित्र डोळ्याला अधिक ठसठशीत वाटतं. ऑइलपेंट मात्र नको, आणि चकचकीत व्हाइटबोर्डही नको. त्यात दिव्याचं प्रतिबिंब पडतं आणि पुढच्या बाकावरच्या मुलाला मधोमध एक पांढरा गोळा दिसत राहतो.

मग येते जागा. इथे सगळ्यात जास्त गैरवापर होतो तो कीस्टोनचा. चित्र खाली पडलं म्हणून यंत्राच्या पुढच्या पायाखाली दोन पुस्तकं सरकवायची, चित्र वर गेलं की वरची कड रुंद होते, मग कीस्टोनचं बटण दाबून ती आवळायची, असा रिवाज आहे. बटण दाबल्यावर चित्र चौकोनी होतं खरं. पण भिंग हलत नाही, यंत्र आतल्या आत चित्र चेपून लहान करतं. १०२४ गुणिले ७६८ ठिपक्यांच्या यंत्रात वरची कड वीस टक्के आवळली, तर त्या ओळीला १०२४ च्या जागी ८२० च्या आसपास ठिपके उरतात. बारीक अक्षरं तिथेच गढूळ होतात. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’च्या गाठी, रफार, अनुस्वाराचं टिंब हे सगळं सगळ्यांत आधी जातं. इंग्रजी अक्षरं एकवेळ तगून जातात, देवनागरीला हा मार जास्त बसतो.

खरं तर टेबलावर ठेवायच्या बहुतेक प्रोजेक्टरांची रचनाच अशी असते की चित्र भिंगाच्या पातळीपासून वर उठतं. म्हणजे यंत्र सपाट ठेवून, चित्राची खालची कड जिथे हवी त्या उंचीच्या टेबलावर ठेवलं, तर कीस्टोनची गरजच पडत नाही. छताला टांगायचं असेल तर यंत्र उलटं टांगतात आणि मेनूत ‘सीलिंग’ निवडतात. तेव्हा चित्र भिंगाच्या पातळीपासून खाली उतरतं. महागड्या यंत्रांत लेन्स शिफ्ट असतं, त्यात भिंगच सरकतं आणि एकही ठिपका वाया जात नाही. अंतरासाठी थ्रो रेशो, म्हणजे भिंतीपर्यंतचं अंतर भागिले चित्राची रुंदी, बघायचा: तो १.५ असेल तर दोन मीटर रुंद चित्रासाठी तीन मीटर लांब बसावं लागतं. फोकस मात्र सुरू केल्या केल्या पक्का करू नये. भिंग तापेपर्यंत वीस-तीस मिनिटांत तो थोडा सरकतो.

आकाराची चूक सहज लक्षात येत नाही, कारण डोळा लगेच सरावतो. शाळांतली जुनी यंत्रं ४:३ प्रमाणाची, लॅपटॉप १६:९ चा. दोघांमध्ये ताणाताणी झाली की माणसं उंच-सडपातळ किंवा बुटकी-रुंद होतात. मनोरंजनात ते चालून जातं, भूमितीत जात नाही. लॅपटॉपवर पेंटमध्ये शिफ्ट दाबून एक वर्तुळ काढायचं आणि भिंतीवर टेप धरून त्याची रुंदी आणि उंची मोजायची. रुंदी ऐंशी सेंटिमीटर आणि उंची नव्वद निघाली, तर ‘आस्पेक्ट’मध्ये जाऊन ‘फुल’ काढून ‘ऑटो’ किंवा ‘नॉर्मल’ करायचं. वर-खाली काळ्या पट्ट्या आल्या तर येऊ द्याव्यात. त्या घालवण्याच्या हट्टापायी शिक्षक मुलांना लंबगोल दाखवून वर्तुळाची व्याख्या सांगत असतात.

आता पुस्तकातला क्यूआर कोड मोबाइलवर उघडून थेट पडद्यावर मिरर करायची पद्धत रुळली आहे. फोन उभा धरला तर १६:९ पडद्याच्या रुंदीतला एक तृतीयांशही भाग वापरला जात नाही. फोन आडवा केला की तेच चित्र क्षेत्रफळानं तिप्पट. याला कसलंही सेटिंग लागत नाही, फक्त मनगट वळवावं लागतं.

इतकं झाल्यावर मेनू उघडायचा, आणि त्यात पहिल्यांदा मोड बघायचा. नवं यंत्र बऱ्याचदा ‘डायनॅमिक’ किंवा ‘ब्राइट’ मोडवर येतं. हा दुकानातला मोड. शेजारी ठेवलेल्या दुसऱ्या यंत्रापेक्षा आपलं उजळ दिसावं एवढाच त्याचा हेतू. प्रोजेक्टरच्या पाऱ्याच्या दिव्यात हिरवा भाग मुळातच जास्त असतो. उजेड वाढवायचा तर तो तसाच सोडून देणं सोपं. म्हणून या मोडमध्ये पांढऱ्याला हिरवट छटा येते आणि माणसांचे चेहरे आजारी दिसतात. ‘सिनेमा’ किंवा ‘एसआरजीबी’ मोड हिरवा भाग छाटून रंग जागेवर आणतो, पण त्यात तिसरा हिस्सा, कधी निम्मा उजेड जातो. उजेड असलेल्या वर्गात ‘प्रेझेंटेशन’ किंवा ‘स्टँडर्ड’ हा मधला मार्ग, आणि अंधार मिळाला की बिनधास्त ‘सिनेमा’.

यंत्राची जातही माहीत असावी. एका प्रकारात लाल, हिरव्या आणि निळ्या रंगासाठी तीन वेगळे एलसीडी पडदे असतात. एप्सननं असा प्रोजेक्टर १९८९ मध्ये बाजारात आणला. दुसरा प्रकार डीएलपी, त्याच्या पोटात लाखो सूक्ष्म आरशांची चिप. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये लॅरी हॉर्नबेक यांनी ती १९८७ मध्ये घडवली. एका चिपच्या डीएलपीत रंगीत चकती फिरते आणि रंग एकामागून एक भिंतीवर येतात. पांढरा जास्त उजळ दिसावा म्हणून या चकतीला बऱ्याचदा एक पारदर्शक पाकळीही जोडतात. त्यामुळे पांढऱ्याचे लुमेन वाढतात, रंगांचे वाढत नाहीत. पांढऱ्या पानावरचा पिवळा मग मोहरीसारखा मळकट आणि लाल विटकरी दिसतो, आणि शिक्षक पीपीटीतले रंग बदलत बसतात. मेनूतली ‘ब्रिलियंट कलर’सारखी सोय कमी केली तर हे बरंच सुधारतं.

ब्राइटनेस आणि काँट्रास्ट ही नावंच फसवी आहेत. ब्राइटनेसनं चित्राचा तळ ठरतो, म्हणजे काळं किती काळं. काँट्रास्टनं माथा ठरतो, म्हणजे पांढरं किती पांढरं. चित्र फिकं वाटलं की लोक ब्राइटनेस चढवतात आणि त्यानं सगळे गडद भाग राखाडी होऊन चित्र आणखी फिकं पडतं. लावायची रीत अशी. पडद्यावर एक ओळखीचा फोटो घ्यायचा: काळ्याभोर केसांची बाई आणि शेजारी पांढरंशुभ्र धोतर नेसलेले म्हातारबाबा. आधी ब्राइटनेस खाली आणत केस एकसंध काळे होऊ द्यायचे, मग बटा सुट्या दिसेपर्यंतच वर न्यायचा. त्यानंतर काँट्रास्ट वाढवत धोतराच्या निऱ्या पुसल्या जाईपर्यंत जायचं आणि निऱ्या परत दिसतील इतकंच मागे यायचं. एक बदललं की दुसरं किंचित हलतं, म्हणून ही फेरी दोनदा करावी. इंटरनेटवर राखाडी पट्ट्यांचे मोफत नमुने मिळतात, ते जास्त काटेकोर. पण निऱ्यांचा फोटोही काम भागवतो.

एवढं करूनही केस राखाडीच राहिले किंवा उलट सगळी सावली काळ्यात बुडाली, तर दोष यंत्रांमधल्या बोलण्यात असतो. व्हिडिओच्या रिवाजात काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर धरतात, संगणकाच्या रिवाजात ० आणि २५५ वर. एचडीएमआय वायरच्या दोन टोकांनी दोन वेगळे रिवाज धरले की असा घोळ होतो. ‘एचडीएमआय रेंज’ किंवा ‘व्हिडिओ रेंज’ नावाची ओळ मेनूत सापडते, ती बदलून पाहायला दहा सेकंद लागतात. कितीतरी चांगली यंत्रं या एका ओळीपायी बदनाम झाली असतील.

उजेडाच्या वर्गात ब्राइटनेसऐवजी गॅमा हलवावा. अंधाऱ्या खोलीसाठी २.४ ठीक, साधारण खोलीसाठी २.२, आणि खिडक्या उघड्या असतील तर २.० किंवा त्याहून कमी. त्यानं काळा आणि पांढरा जागचे हलत नाहीत, मधल्या छटा तेवढ्या वर उठतात. कलर टेंपरेचर ६५०० केल्व्हिनच्या आसपास ठेवावं. ९३०० चा निळसर पांढरा दुकानात छान दिसतो. शार्पनेस शून्याकडे किंवा मध्यावर. तो वाढवला की अक्षरांभोवती पांढरी कड येते, स्पष्टता येत नाही.

विकत घेतानाची एक फसवणूकही सांगायला हवी. ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त एलईडी प्रोजेक्टरांवर ‘१०८० पी सपोर्टेड’ असं ठळक लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ एवढाच की तो सिग्नल यंत्र घेईल. आतल्या पडद्यावर ठिपके ८०० गुणिले ४८० असू शकतात. ‘नेटिव्ह’ आकडा विचारावा. लुमेनचंही तसंच. पडद्यावरच्या नऊ ठिकाणी मोजून काढलेले एएनएसआय लुमेन किंवा आयएसओ लुमेन वेगळे, आणि नुसते हजारांत छापलेले लुमेन वेगळे. दुसऱ्या प्रकारच्या आकड्यावर वरचा हिशेब बेतला, तर कुठलंच सेटिंग मदतीला येणार नाही.

चांगलं लावलेलं चित्रही वर्षभरात उतरतं. एलसीडी यंत्राची जाळी धुळीनं चोंदली की आत उष्णता कोंडते, पंखा ओरडतो, आणि धूळ आत शिरली तर पडद्यावर पुसट डाग उमटतात. दिव्याचा उजेड आयुष्य सरेपर्यंत निम्म्यावर येतो, आणि तो इतका हळू येतो की रोज पाहणाऱ्याला कळत नाही. इको मोडनं उजेड पाव ते तिसऱ्या हिश्श्यानं कमी होतो, पण आयुष्य वाढतं. अंधार करता येत असेल तर तोच लावावा. जुन्या दिव्याच्या यंत्रांना अचानक वीज गेलेली सोसत नाही. पंखा थांबतो आणि तापलेला दिवा तसाच राहतो. वीज वारंवार जाणाऱ्या गावात दिवा थंड होईपर्यंत पुरेल इतका छोटा यूपीएस दिव्यापेक्षा स्वस्त पडतो.

रात्री सगळे हिशेब पालटतात. तेच ३००० लुमेनचं वर्गातलं यंत्र पटांगणात नेऊन चार मीटर रुंद चित्र टाकलं, तर क्षेत्रफळ नऊ चौरस मीटर होतं, आणि ‘सिनेमा’ मोडमध्ये निम्मे लुमेन धरूनही भिंतीवर १६० च्या वर लक्स पडतात. म्हणजे थिएटरच्या मापात! फक्त पडदा भरीव हवा. एकेरी चादरीतून बराच उजेड पलीकडे निघून जातो. चादर दुहेरी करावी आणि मागे काळं कापड लावावं. जुन्या फ्लेक्सची कोरी बाजू सगळीकडे मिळते, पण ती चमकते, म्हणून प्रेक्षकांना मध्यभागी बसवून कडेची जागा मोकळी ठेवावी लागते. क्रिकेटच्या सामन्याला ‘मोशन’ची सोय चालू ठेवली तरी हरकत नाही, सिनेमाला ती बंद करावी, नाहीतर सगळा सिनेमा मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो.

नव्या खरेदीत आता मोठ्या टचस्क्रीन पॅनेलची चर्चा जास्त असते. त्यांना अंधार लागत नाही, कीस्टोन नाही, दिवा नाही, आणि दिवसाच्या वर्गासाठी ती खरोखर सोयीची आहेत. पण ७५ इंची पॅनेलची रुंदी १.६६ मीटर, मागच्या बाकावरून त्यावरचं बारीक देवनागरी वाचणं कठीणच. शिवाय ते भिंतीवरून उतरवून पटांगणात नेता येत नाही. जिथे आधीच प्रोजेक्टर आहे आणि तो कपाटात पडून आहे, तिथे पॅनेलचा प्रस्ताव लिहिण्याआधी त्याची जाळी धुवावी, मोड बदलावा आणि एक खिडकी झाकून पाहावी.